खोली क्रमांक सतरा

सामान हलवल्यावर खोली आधी लहान वाटते,
दोन दिवसांनी मोठी.
आज तिसरा दिवस.
ब्रॅकरिग हाउसच्या खिडक्यांबाहेर मचाण, मचाणाला प्लास्टिक,
म्हणून उजेड सगळीकडे सारखाच,
दुधात पाणी घातल्यासारखा.
फोटोला बरा.

पूर्व भिंत. कोपऱ्यापासून शेकोटीपर्यंत
तीन मीटर बारा.
पुन्हा मोजते: तीन मीटर नऊ.
टेपचं दुसरं टोक धरून ॲलिक हसतो,
"श्वास घेते ती."
फुगली आहे, एवढंच. छपरातून पाणी मुरलंय.
या घरात काटकोन एकही नाही,
आणि अडीचशे हिवाळे काढलेत त्याने
नॉर्थम्बरलंडच्या वाऱ्यात.

भिंतीला कान असतात म्हणतात.
हिला केस आहेत.
गिलाव्याचा पोपडा सुटला तिथे तांबूस, राठ,
गाईचे,
चुना धरून राहावा म्हणून कालवलेले.
कुठल्या गोठ्यातली गाय, याला रकाना नाही.
रकाने तीन: साहित्य, काळ, स्थिती.
स्थितीसाठी शब्दही तीन: चांगली, बरी, वाईट.
मी 'बरी' लिहिते,
दुखणाईताबद्दल शेजाऱ्यांना सांगतात तशी.

वॉलपेपरचे थर सात.
पात्याने पेनीएवढी खिडकी कापत खाली उतरायचं.
साय रंगाचा, जो कुणालाच आठवत नाही.
मग तपकिरी, इथे जखमी सैनिक ठेवले होते तेव्हाचा.
त्याखाली डाळिंबं, दोनदा,
एकदा महाग, एकदा स्वस्त.
सगळ्यांत तळाशी हिरवा. इतका ताजा
की ॲलिक शीळ घालतो.
मोजे चढव, मी म्हणते. सोमल आहे त्यात.
जुन्या नकाशावर या खोलीचं नाव:
मुलांची निजायची खोली.

दुपारी हेस्टर ऑर्ड आल्या.
वय शहाऐंशी, पायात रबरी बूट, मागे कुत्रा.
नजर थेट छताकडे.
"माझी भेग कुठंय?"
मंगळवारी बुजवली, मी सांगितलं.
पण आहे माझ्याकडे. फोटो चारशे बारा,
शेजारी काळी-पांढरी मोजपट्टी.
मी स्क्रीन पुढे धरली.

त्यांनी बोट ठेवलं, चित्र सरकलं, परत आणलं.
"ही नव्हे.
गोवर आला तेव्हा सहा आठवडे पडदे ओढून
मी हिच्यावर होड्या सोडल्यात.
ती इथून निघून तिकडे वळायची. दाराकडे."
मी फोटो फिरवला. नाही.
उलटा धरला. नाही.
"पलंग इथे होता," त्या म्हणाल्या,
आणि बुटाच्या टोकाने
उघड्या तुळयांवर एक चौकोन काढला,
हवेतच.

तेव्हा लक्षात आलं.
चारशे साठ फोटो काढलेत मी या घरात
आणि सगळ्यांत कॅमेऱ्याची उंची एकच:
दीड मीटर.
उभ्या माणसाची. कामावर आलेल्या माणसाची.

तुळयांवर फळी टाकली. आडवी झाले.
वर नवा चुना, ओला, कोरा,
वाचण्यासारखं काहीच नाही त्यावर.
तरी बटण दाबलं.
फोटो चारशे एकसष्ट. छत. पडून पाहिलेलं.
शेरा: भेग नाही.
उंची: अर्धा मीटर. आणि पेन थांबलं,
पुढे काय लिहायचं
'मूल, ताप' की काहीच नाही.

तेवढ्यात कुत्रा शेकोटीकडे गेला
आणि उंबरठ्यावरच्या ओल्या चुन्यातून
शांतपणे पलीकडे.
हेस्टरबाई ओरडल्या, "मस्टर्ड! नालायका!"
ॲलिक थापी शोधू लागला.
थांब, म्हटलं.
मोजपट्टी शेजारी ठेवली.

पंजे, चार. काळ: आज, तीन वाजून दहा.
स्थिती: चांगली.